कपाशी आणि शेंदरी बोंडअळीचा पतंग

ज्या शेतकऱ्याने एकदा तरी कपाशीचे पीक काढले आहे, त्यास बोंडातील शेंदरी अळी ठाऊक नाही असे सहसा होणार नाही. परंतु ज्या पतंगापासून ही अळी निपजते, तो पतंग ओळखणारे शेतकरी फार थोडे. याचे कारण उघड आहे. बोंड फोडले म्हणजे अळी डोळ्यांस दिसते. पतंग मात्र रात्री हिंडतो, दिवसा मातीच्या भेगांत अथवा पालापाचोळ्याखाली दडून राहतो, आणि आकाराने गव्हाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. अळी दिसू लागली म्हणजे शेतकरी जागा होतो, व तोपर्यंत नुकसान होऊन चुकलेले असते. म्हणून या किडीचा जीवनक्रम, कपाशीच्या झाडाशी असलेला तिचा संबंध, आणि तिचे मर्मस्थान कोठे आहे, याची माहिती वाचकांपुढे क्रमवार मांडण्याचे आम्ही योजिले आहे. किडीचे वर्तन ध्यानात आले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. नुसते उपाय पाठ केले तर ते अवेळी होतात व वाया जातात.

पतंगाची ओळख

या पतंगाचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. नावातील उत्तरार्ध कपाशीच्या शास्त्रीय नावावरूनच पडला आहे. पंख पसरले असता त्याची रुंदी साधारण १२ ते २० मिलिमीटर भरते. पुढील पंख राखट तपकिरी असून त्यांवर काळपट पट्टे व ठिपके असतात. मागील पंख रुपेरी करडे असून त्यांच्या कडेस केसांची झालर असते. दिव्यावर येणाऱ्या अनेक बारीक पतंगांत तो सहज मिसळून जातो.

हा पतंग परका नाही. त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८४३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले, व ते गुजरातेतील भडोच येथील कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून केलेले होते. हिंदुस्थान व त्याच्या आसपासचा प्रदेश हेच त्याचे मूलस्थान असावे, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. येथूनच सरकी व कपाशीबरोबर तो परदेशी गेला. १९०६-०७ च्या सुमारास तो ईजिप्त देशात पोहोचला असे मानतात. १९११ साली तेथील कपाशीत त्याची नोंद झाली. पुढे ईजिप्तची सरकी मेक्सिकोत गेली, आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात ही अळी आढळली. म्हणजे जवळपास साऱ्या कापूस पिकविणाऱ्या जगास पीडा देणारा हा प्राणी सरकीच्या दाण्यात बसून प्रवास करीत गेला. तो असा प्रवास कसा करू शकला, हे त्याच्या जीवनक्रमावरून कळेल.

जीवनक्रम

मादी सुमारे १०० ते २०० अंडी घालते. ती एकेकटी अथवा चार-पाचांच्या पुंजक्यांनी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस, आणि बोंडे धरल्यावर मुख्यत्वे बोंडाच्या देठाकडील हिरव्या आवरणाखाली घातलेली असतात. तीन ते सहा दिवसांत अंडे फुटून अळी बाहेर येते. या वेळी ती केसासारखी बारीक, पांढरट असून तिचे डोके काळपट असते. बाहेर आल्यापासून थोड्याच तासांत ती पात्यात किंवा बोंडात शिरते. जे छिद्र पाडून ती आत जाते ते इतके सूक्ष्म असते की, बोंड वाढू लागताच ते बुजून जाते. येथून पुढे ती बाहेरच्या जगापासून सुरक्षित झाली असे समजावे. पानांवर व बोंडांवर टाकलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यास बोंड निरोगीच वाटते.

अळीची वाढ सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. वाढ होत असता तिच्या अंगावर शेंदरी अथवा गुलाबी पट्टे उमटतात, आणि त्यावरूनच तिला हे नाव पडले आहे. पूर्ण वाढलेली अळी १० ते १३ मिलिमीटर लांब असते. वाढ झाल्यावर ती बोंडास वाटोळे छिद्र पाडून बाहेर पडते, जमिनीवर येते, आणि मातीच्या वरच्या थरात किंवा पाचोळ्यात कोष करते. आठवडा ते दोन आठवड्यांत कोषातून पतंग निघतो व पुन्हा तोच क्रम सुरू होतो. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा एक फेरा महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो, आणि एका हंगामात अशा चार ते सहा पिढ्या होऊ शकतात.

ही वाढ किती झपाट्याने होते हे समजण्यासाठी एक साधा हिशोब करून पाहावा. एका मादीच्या संततीपैकी नाना कारणांनी बहुतेक मरून फक्त १० जगल्या, व त्यांत निम्म्या माद्या निघाल्या असे धरले, तरी पहिल्या पिढीत ५, दुसरीत २५, तिसरीत १२५ व चौथीत ६२५ माद्या होतात. हा आकडा केवळ समजुतीसाठी घेतला आहे. परंतु ऑगस्टात ज्या शेतात कीड नसल्यासारखी वाटते, त्याच शेतात नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडामागून बोंड किडके का निघते, याचा उलगडा यावरून होतो.

नुकसान कसे होते

हंगामाच्या आरंभी, झाडावर बोंडे नसता, अळी कळीत शिरते व फुलाच्या पाकळ्या आपल्या तोंडातील रेशमी धाग्याने एकमेकींस जखडून टाकते. असे फूल उमलत नाही. ते मिटल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. यालाच शेतकरी डोमकळी म्हणतात. शेतात अळी आल्याची हीच पहिली, डोळ्यांस दिसणारी खूण होय, आणि ती ज्याने ओळखली त्याच्या हाती पुढील महिनाभराची सवड आली असे समजावे.

बोंडे धरल्यावर अळी रुई चिरून आतील सरकी गाठते. तिचे खरे अन्न सरकी हेच असते. सरकी खाल्ल्यामुळे तिचे वजन व तेल घटते, उगवण कमी होते. रुई तुटते, डागाळते व पिवळी पडते. बोंड नीट फुटत नाही आणि वेचणीच्या वेळी कवडी कापूस हाती येतो. एका बोंडाच्या एकाच कप्प्यात अळी शिरली तरी त्या कप्प्याचा माल वाया जातो, आणि पुष्कळदा ती पडदा पोखरून शेजारच्या कप्प्यातही जाते. छिद्रांवाटे पावसाळी हवेत बुरशी शिरली तर सारे बोंड सडते. बाजारात अशा मालाची प्रत उतरते, आणि वेचणीची मजुरी मात्र चांगल्या मालाइतकीच, किंबहुना जास्त पडते.

झाड बदलले, मुदत वाढली

कपाशी व हा पतंग यांचा संबंध फार जुना आहे. मग अलीकडेच त्याने एवढा उच्छाद का मांडला, असा प्रश्न वाचक विचारतील. याचे उत्तर झाडाच्या इतिहासात सापडते. १९४७ च्या सुमारास या देशातील बहुतेक क्षेत्र देशी कापसाखाली होते. पुढे लांब धाग्याच्या अमेरिकन जातीचा प्रसार झाला. १९७० साली सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ ही कपाशी निर्माण केली. व्यापारी लागवडीसाठी तयार झालेला तो जगातील पहिला संकरित कापूस मानला जातो, आणि त्यामागून संकरित वाणांची रीघ लागली. या वाणांनी उत्पन्न वाढविले यात संशय नाही. परंतु त्यांपैकी पुष्कळ वाण दीर्घ मुदतीचे आहेत. पाणी व खत मिळत राहिले तर ते १८० दिवसांवर, कित्येकदा त्याहूनही पुढे फुले व बोंडे धरीत राहतात.

शेंदरी अळी ही हंगामाच्या उत्तरार्धात वाढणारी कीड आहे. पीक जितके दिवस शेतात हिरवे राहील, तितक्या तिच्या पिढ्या वाढतात. जे झाड १५०-१६० दिवसांत आटोपते त्यावर तिला शेवटच्या, सर्वांत मोठ्या पिढ्या काढण्यास अवसर मिळत नाही. जे झाड फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे असते ते तिला सारा हिवाळाभर पोसते.

बीटी बियाण्याचे बळ का ओसरले

२००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीस परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जंतूपासून घेतलेला एक गुण या कपाशीत घातलेला असतो. त्यामुळे झाडातच बोंडअळीस मारक असे द्रव्य तयार होते. २००६ पासून दोन मारक द्रव्ये असलेले वाण आले. आरंभीची काही वर्षे तिन्ही बोंडअळ्या, म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची व शेंदरी, चांगल्या दबल्या. फवारण्या कमी झाल्या, आणि शेंदरी अळी जवळजवळ विस्मरणात गेली. परंतु पहिल्या द्रव्यास दाद न देणारी शेंदरी अळी गुजरातेत निघाल्याचे २०१० साली जाहीर झाले. २०१४-१५ च्या सुमारास दोन्ही द्रव्यांच्या वाणांवरही ती जगू लागल्याचे दिसून आले. २०१५ साली गुजरातेत, व २०१७-१८ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठी हानी केली. अमेरिकन व ठिपक्यांच्या बोंडअळीवर बीटीचा उपयोग बऱ्याच अंशी टिकून असता, शेंदरी अळीपुढेच तो का हरला, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण असे की, ही अळी बहुतांशी एकट्या कपाशीवरच जगते. अमेरिकन बोंडअळी हरभरा, तूर, टोमॅटो अशा अनेक पिकांवर वाढते. त्यामुळे विष न चाखलेल्या अळ्यांची संख्या शिवारात नेहमीच मोठी असते. शेंदरी अळीस दुसरे घर नसल्यामुळे तिची प्रत्येक पिढी विषाच्या कसोटीतून गेली, आणि जी थोडी विष पचविणारी होती तीच उरली.

दुसरे कारण आश्रय-पट्ट्याची हयगय हे होय. बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी, अथवा एकंदर क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढी लागवड करावी, असा नियम होता, व त्यासाठी बियाण्याच्या पुडक्याबरोबर साध्या बियाण्याची वेगळी पुडी दिली जात असे. यातील हेतू असा की, साध्या कपाशीवर वाढलेले, विष न पचविणारे पतंग मोठ्या संख्येने शिवारात असावेत. विष पचविणाऱ्या विरळ पतंगांचा त्यांच्याशीच संयोग व्हावा, आणि होणारी संतती बीटीवर पुन्हा मरावी. साध्या ओळी न लावल्यामुळे विष पचविणाऱ्याची गाठ विष पचविणाऱ्याशीच पडू लागली. शेतकऱ्यांस हा हेतू नीट समजावून सांगितला गेला नाही, ही गोष्टही येथे नमूद करणे न्याय्य होईल. जी पुडी कशासाठी आहे हे कळत नाही, ती बांधावर पडून राहिली तर नवल नव्हे.

तिसरे कारण खुद्द संकरित बियाण्याच्या स्वरूपात आहे. संकरित झाडाच्या बोंडातील सरकी ही पुढील पिढी असते, व तीत आईबापांचे गुण विभागले जातात. त्यामुळे एकाच बोंडातील काही सरक्यांत मारक द्रव्य असते, काहींत ते एकच असते वा मुळीच नसते. सरकी खाऊन जगणाऱ्या अळीस अशा रीतीने अपुरी मात्रा मिळते, आणि अपुऱ्या मात्रेने न मेलेली कीड विषास सरावते.

सुप्तावस्था : किडीचे बळ व मर्मस्थान

आता या पतंगाच्या ज्या गुणावर आमचे सारे विवेचन अवलंबून आहे, त्याकडे वळू. दिवस लहान होऊ लागले, थंडी पडली, व बोंडातील सरकी पक्व होऊन तिच्यात तेल भरले, म्हणजे अळ्यांपैकी पुष्कळ अळ्या कोषात जात नाहीत. त्या अंगात चरबी साठवून, खाणे-हिंडणे सोडून, निपचित पडून राहतात. हीच सुप्तावस्था होय. अशी अळी दोन सरक्या धाग्याने एकत्र जोडून त्यांच्या पोकळीत बसते, किंवा न फुटलेल्या बोंडात, पाचोळ्यात अथवा जमिनीच्या भेगांत राहते. काही महिने तर ती सहज काढते. अनुकूल परिस्थितीत दोन वर्षांहून अधिक काळ ती अशा स्थितीत जिवंत राहिल्याची नोंद आहे. भडोचची कीड साता समुद्रांपलीकडे गेली ती याच जोड-सरकीत बसून.

पावसाळा सुरू होऊन हवेत उष्णता व ओल आली, की या अळ्या कोष करतात व पतंग निघू लागतात. हे पतंग फार दिवस जगत नाहीत. त्या काळात अंडी घालण्याजोगी पाती अथवा फुले सापडली तर वंश पुढे चालतो. न सापडली तर तो पतंग निर्वंश मरतो. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या कुळातील झाडांवर ही अळी क्वचित आढळते, परंतु तिचे पोट भरते ते कपाशीवरच.

यावरून स्पष्ट होईल की, शेवटच्या बोंडापासून पुढील हंगामाच्या पहिल्या पात्यापर्यंतचा काळ हा या किडीच्या मार्गातील अवघड घाट आहे. हा काळ जितका लांब व जितका उजाड, तितक्या कमी अळ्या पार पडतात. आणि तो लांबविणे अथवा तोकडा करणे हे सर्वस्वी शेतकऱ्याच्या हाती आहे, कारण कपाशी रानात आपोआप उगवत नाही. ती आपणच लावतो व आपणच उपटतो.

फरदडीचा हिशोब

डिसेंबरात वेचणी आटोपल्यावर पाणी देऊन कपाशी पुढे राखणे यास फरदड म्हणतात. ही प्रथा सोडा, असा उपदेश शेतकऱ्यांस वारंवार केला जातो. परंतु ती शेतकरी का धरतो याचा विचार त्यात क्वचितच असतो. फरदडीस नवे बी नको, नांगरट नको. एक-दोन पाणी व थोडे खत यांवर आणखी एखादी-दुसरी वेचणी पदरात पडते. खरिपातील भाव पडलेले असले अथवा पहिले बहर पावसाने झडलेले असले, तर हातात रोख येण्याचा तोच एक मार्ग असतो. म्हणून नुसत्या उपदेशाऐवजी हिशोब मांडणे बरे.

समजा, एका एकरात फरदडीपासून दीड क्विंटल कापूस मिळाला. त्यात कवडी मालाचे प्रमाण मोठे असल्यामुळे भाव उतरतो, आणि वेचणीची मजुरी क्विंटलमागे वाढते. आता पुढील वर्षी त्याच एकरात आठ क्विंटल पीक यावयाचे असता, लवकर वाढलेल्या अळीमुळे त्याचा चौथा हिस्सा गेला, तर दोन क्विंटल चांगला माल बुडाला, व शिवाय दोन-तीन फवारण्यांचा खर्च अंगावर पडला. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या शेताचे खरे आकडे घालून हा हिशोब स्वतः करून पाहावा.

तथापि खरी अडचण याहून खोल आहे. फरदडीचा लाभ एकट्यास होतो, आणि तिचा तोटा साऱ्या शिवारास वाटून जातो. पतंग बांध ओळखीत नाही. ज्याने डिसेंबरात शेत मोकळे केले त्याच्याही पिकावर शेजारच्या फरदडीतले पतंग येतात. मग तो म्हणतो, मी एकट्यानेच का नुकसान सोसावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि गावाने एकत्र बसून तारीख ठरविल्यावाचून तो सुटणार नाही. ज्यांस पाण्याची सोय आहे त्यांनी मोकळ्या झालेल्या जमिनीत उन्हाळी भुईमूग, मूग अथवा तीळ घेण्याचा विचार करावा. लवकर येणारा वाण लावून नोव्हेंबरात शेत रिकामे झाल्यास हरभराही साधण्याचा संभव असतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान त्या मानाने थोडे, कारण पाण्यावाचून फरदडीस फारसे फळ लागत नाही.

हंगामाप्रमाणे करावयाची कामे

शेवटची वेचणी झाल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या चारावयास सोडाव्या. त्या उरलेली हिरवी बोंडे व पाने खाऊन टाकतात. नंतर पऱ्हाट्या मुळांसह उपटून त्यांची यंत्राने कुट्टी करावी व ती कंपोस्ट खड्ड्यात कुजवावी. सरपणासाठी पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर वा घराजवळ पावसाळ्यापर्यंत रचून ठेवणे हे अळीस हिवाळी बिऱ्हाड देण्यासारखे आहे. ढीग ठेवणे भागच असेल तर त्यावरील सर्व बोंडे आधी झोडून काढून नष्ट करावी. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन उन्हात तापू द्यावी, म्हणजे भेगांतील अळ्या उघड्या पडून उन्हाने व पक्ष्यांच्या चोचीने मरतात.

घरात वा गोदामात कापूस पावसाळ्यापर्यंत साठवून ठेवू नये. ज्या गावी जिनिंगचे कारखाने आहेत, तेथे कारखान्यातील किडकी सरकी व कचरा वेळच्या वेळी नष्ट होईल अशी व्यवस्था झाली पाहिजे. अशा ठिकाणांच्या आसपास कामगंध सापळे लावल्यास निघणारे पतंग पकडले जातात. देशी अथवा सरळ वाणाचे घरचे बी ठेवणाऱ्यांनी वैशाखाच्या उन्हात सरकी पातळ पसरून चांगली तापवावी, व जोडलेल्या सरक्या वेचून जाळाव्या.

पेरणी मान्सूनचा पुरेसा पाऊस झाल्यावरच करावी. मे महिन्यात पाण्यावर लावलेल्या कपाशीस पहिले पतंग निघण्याच्या वेळी पाती असतात, आणि तीच कपाशी जुन्या व नव्या हंगामांमधील पूल बनते. शक्यतो साऱ्या शिवारात एकाच सुमारास, लवकर येणाऱ्या वाणांची पेरणी व्हावी.

पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावे. मादी नरास बोलाविण्यासाठी जो गंध सोडते तो १९७३ साली शास्त्रज्ञांनी ओळखून काढला. तोच कृत्रिम रीतीने बनवून सापळ्यातील गोळीत भरलेला असतो. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी, व सापळ्यात पडलेले पतंग रोज मोजून वहीत टिपावे. लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यात आठ वा अधिक पतंग सापडले, तर उपायाची वेळ आली असे समजावे. सापळा मुख्यत्वे इशारा देण्यासाठी आहे. पतंग पकडून कीड दडपावयाची असेल तर एकरी आठ-दहा सापळे लागतात, व तेही शेजाऱ्यांनी मिळून लावले तरच उपयोग होतो.

फुले लागल्यापासून डोमकळ्या शोधून तोडाव्या व अळीसह नष्ट कराव्या. या सुमारास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, म्हणजे अंडी घालण्यास अटकाव होतो. त्यासाठी पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा व एकूण १०० लिटर पाणी करावे. ट्रायकोग्रामा जातीच्या सूक्ष्म गांधीलमाश्यांची कार्डे लावल्यास त्या पतंगाच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात व अळी निपजूच देत नाहीत. मात्र त्या काळात विषारी औषध फवारू नये.

बोंडे धरल्यानंतर दर आठवड्यास शेतात आडवे-उभे फिरून २० झाडांची मिळून २० हिरवी, मध्यम वाढीची बोंडे तोडावी व ती फोडून पाहावी. आत अळी असेल तर ती दिसतेच. ती अगदी बारीक असली तरी टरफलाच्या आतील बाजूस बारीक गाठी आलेल्या असतात, अथवा दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र असते. वीसांपैकी दोन बोंडे किडकी निघाली तर नुकसान दहा टक्क्यांवर पोहोचले. त्याहून अधिक वाट पाहू नये. २० बोंडांचा हा खर्च फार नाही. आणि बाहेरून निरोगी दिसणाऱ्या पिकाचे खरे स्वरूप कळण्यास दुसरा मार्ग नाही.

फवारणीविषयी दोन शब्द

आम्ही येथे रासायनिक औषधांची यादी देत नाही. त्यांच्या शिफारशी वेळोवेळी बदलतात, व त्या आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाकडून अथवा नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडून घेणेच योग्य. परंतु दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली अशी की, अळी बोंडात शिरल्यावर केलेली फवारणी तिला क्वचितच लागते. म्हणून सापळ्याची वही व फोडलेली बोंडे पाहूनच वेळ ठरवावी. हंगामाच्या आरंभी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे मारल्यास मित्रकीटक मरून पांढरी माशी उसळते.

दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. उंच वाढलेल्या दाट पिकात, वाऱ्याच्या तोंडाशी, उघड्या अंगाने, निरनिराळी औषधे एकत्र कालवून फवारणे प्राणघातक आहे. औषधे एकमेकांत मिसळू नयेत. हातमोजे, तोंडावर मुखपट्टी व अंगभर कपडे घातल्यावाचून पंपास हात लावू नये. मजुरास तसे करावयास लावू नये. एका हंगामाचे पीक बुडाले तर पुढील हंगाम येतो, घरचा कर्ता गेला तर तो परत येत नाही.

सामुदायिक प्रयत्नाचा दाखला

ही कीड आवरता येते काय, अशी शंका घेणाऱ्यांस अमेरिकेचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९१७ पासून तेथील कपाशीस छळणारी ही अळी २०१८ साली त्या देशाच्या कापूस प्रदेशातून नाहीशी झाल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. ते एका औषधाने घडले नाही. बीटी कपाशी, नर-मादीच्या संयोगात अडथळा आणणारा कृत्रिम गंध, प्रयोगशाळेत वाढवून निर्बीज केलेल्या कोट्यवधी पतंगांची विमानांतून सोडवणूक, आणि ठरलेल्या तारखेच्या आत कपाशीचे अवशेष जमिनीत गाडण्याची सक्ती, हे सारे उपाय तेथे शेतकऱ्यांच्या संघांनी व सरकारने मिळून वर्षानुवर्षे चालविले. आपल्याकडे शेते लहान, शेतकरी असंख्य, आणि कपाशीचे क्षेत्र अफाट. विमाने व निर्बीज पतंग आपल्या आवाक्यात आज नाहीत. परंतु त्या चार उपायांपैकी शेवटचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत शेत मोकळे करणे, यास पैसा फारसा लागत नाही. गावाचे एकमत लागते. गुजरातेतही २०१५ च्या हानीनंतर हंगाम आटोपता घेण्यावर व सामुदायिक जागृतीवर भर देण्यात आला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तेव्हा आमची वाचकांस विनंती अशी की, येत्या मार्गशीर्षात आपल्या गावातील कपाशी लावणाऱ्यांनी चावडीवर वा देवळात एकदा एकत्र बसावे. शिवारातील फरदड किती, ती कोणाची, व ती का राखावी लागते, याची मोकळेपणाने चर्चा करावी. ज्याची अडचण खरी असेल त्यास बी, पाणी अथवा कुट्टीचे यंत्र मिळवून देण्यास इतरांनी हातभार लावावा, आणि पऱ्हाटी उपटण्याची एकच तारीख ठरवून ती सर्वांनी पाळावी. एक वर्ष हा प्रयोग करून पुढील भाद्रपदात डोमकळ्या मोजाव्या व मागील वर्षाशी ताडून पाहाव्या. मग फरदड राखावी की नाही, हे सांगण्याची गरज आम्हांस उरणार नाही.